हलकी बाबागाडी : घरची आणि प्रवासाची

पाळणा आणि झोळी ह्यांविषयीं आम्हीं मागील अंकीं चार शब्द लिहिले, त्यावर वाचकभगिनींकडून बरींच पत्रें आलीं. त्यांतील एक पत्र कोल्हापुरांतीलच, राजारामपुरींतून आलेलें आहे. बाईंचें बाळ सात महिन्यांचें. बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, इमारतीस लिफ्ट नाहीं. यजमान नोकरीनिमित्त पुण्यास, ते शनिवार-रविवारींच घरीं येतात. सासूबाई जवळ आहेत, पण त्यांचे गुडघे दुखरे. प्रसूति शस्त्रक्रियेनें झालेली, कंबर अजून पूर्ववत् नाहीं. कोणी आप्तांनीं भेट दिलेली एक भारी, गुबगुबीत बाबागाडी दाराशीं उभी आहे, आणि ती एकटीला जिन्यावरून उतरवतां येत नाहीं म्हणून बाई एवढ्या महिन्यांत बाळाला घेऊन रंकाळ्यापर्यंतसुद्धां गेलेल्या नाहींत. त्या विचारतात, हलकी गाडी घेतली तर रोजच्या वापरास टिकेल काय? तीच प्रवासास नेतां येईल काय? आणि "मुलाला कडेवर घ्यायचें सोडून गाडींत काय घालतेस?" असें म्हणणाऱ्या सासूबाईंस काय उत्तर द्यावें?

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. तो आम्ही शेवटीं घेतों. पहिल्या दोहोंचें उत्तर "होय" असें आहे. परंतु गाडी किती हलकी आहे आणि तो हलकेपणा कशाच्या मोबदल्यांत मिळाला आहे, हें पाहिल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

'बाबागाडी' ह्या शब्दांतील बाबा म्हणजे तान्हें मूल. हल्लींच्या मुलांस बाबा म्हणजे वडील एवढाच अर्थ ठाऊक. तेव्हां ही गाडी बाबांनीं ढकलावयाची असते असा विग्रह कोणी केल्यास आमच्यासारख्या व्याकरण शिकवून म्हाताऱ्या झालेल्या माणसाचीही हरकत नाहीं. आपल्याकडे पांगुळगाडा जुना आहे, पण तो मुलानें स्वतः ढकलीत चालावयास शिकण्यासाठीं. मुलास बसवून नेण्याच्या गाडीची उणीव मध्यम स्थितींतील घरांत भासत नसे, कारण कडेवर घेणाऱ्या आत्या, काकू, मावश्या घरांतच असत. शूद्रकाच्या मृच्छकटिकांत चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहिल्यावर आपल्या मातीच्या गाडीवर रुसतो. आज उलट झालें आहे. मूल कोणत्याही गाडींत खुशाल झोंपतें. शेजारची गाडी पाहून रुसतात ते आईबाप! दुकानांत दोन-तीन हजारांपासून तीस-चाळीस हजारांच्या पलीकडेपर्यंत किंमतीच्या गाड्या मांडलेल्या आहेत, आणि नुसत्या किंमतीवरून गाडीची योग्यता ठरत नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों.

विलायतेंत ही वस्तु थोरामोठ्यांच्या हौसेंतून निघाली. इ. स. १७३३ च्या सुमारास विल्यम केंट ह्या वास्तुशिल्पकारानें डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठीं शिंपल्याच्या आकाराची एक गाडी केली. ती बकरीनें किंवा तशाच लहान जनावरानें ओढावी अशी योजना होती. पुढें एकोणिसाव्या शतकांत माणसानें ढकलावयाच्या गाड्या पसरल्या. त्या मोठ्या चाकांच्या, स्प्रिंगांवर झुलणाऱ्या आणि वजनानें भारी. ज्या घरीं त्या असत तेथें दाई असे, दारापुढें सपाट रस्ता असे, पलीकडे बाग असे. गाडी उचलण्याचा प्रसंगच येत नसे. आमच्या पत्रलेखिकेच्या दाराशीं उभी असलेली गाडी ही त्याच कुळांतील आहे. तिचा दोष एवढाच कीं ती जिना नसलेल्या घरासाठीं जन्मली.

हलकी गाडी मात्र प्रवासाच्या त्रासांतून जन्मास आली. ओवेन मॅक्लारेन हे इंग्लंडांतील विमानविद्येचे अभियंते. दुसऱ्या महायुद्धांत नांवाजलेल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्याच्या कामांत त्यांचा हात होता. त्यांची कन्या आपल्या मुलास घेऊन परदेशांतून माहेरीं आली, तेव्हां जड गाडी वागवितांना तिची उडालेली त्रेधा त्यांनीं पाहिली. विमान उडालें म्हणजे त्याचीं चाकें दुमडून आंत घ्यावीं लागतात; तो सांगाडा हलकाही हवा आणि उतरतांना सारा भार सोसणाराही हवा. हीच विद्या त्यांनीं नातवंडाच्या गाडीस लावली. १९६५ सालीं त्यांनीं अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीप्रमाणें मिटणारी गाडी सिद्ध करून तिच्या पेटंटासाठीं अर्ज केला. तिचें वजन सहा पौंड, म्हणजे सुमारें पावणेतीन किलो. आज जगभर छत्रीगाडी म्हणून जी ओळखली जाते तिचें हें मूळ. लेकीचे हाल पाहून एका आजोबांनीं हें केलें, ही गोष्ट आम्हांस, स्वतः आजोबा असल्यामुळें, विशेष गोड वाटते.

हल्लींच्या हलक्या गाड्या तितक्या हलक्या नसतात. मागें कलणारी पाठ, छत, खालची टोपली, जाड गादी हीं एकेक वाढत गेलीं, आणि साधारण पांच ते सात किलोंवर मामला स्थिरावला. जुन्या पद्धतीच्या भारी गाड्या दहा-बारा किलोंच्या किंवा त्याहूनही अधिक असतात. आतां हिशेब करून पाहावा. सात महिन्यांचें बाळ सात-आठ किलोंचें धरूं. बाळ एका कडेवर आणि मिटलेली गाडी दुसऱ्या खांद्यावर अशी आई जिना उतरूं लागली, तर हलक्या गाडीसह चौदा किलो होतात, भारी गाडीसह वीस. ह्या सहा किलोंच्या फरकांत त्या भगिनीचें बाहेर पडणें अडकलेलें आहे. घरांत दुसरें माणूस नाहीं, म्हणून ती घरीं बसते. घरीं बसते म्हणून बाळास ऊन-वारा मिळत नाहीं आणि तिला चार माणसें भेटत नाहींत. ज्या बाईला आपली गाडी एकटीनें उचलतां येत नाहीं, ती गाडी तिच्या कांहीं कामाची नाहीं, मग तिला सोन्याचीं चाकें असोत.

म्हणून गाडी पाहावयास जातांना जो ती रोज उचलणार त्यानेंच जावें. नवरोजींनीं मंडईंतून भाजी आणावी तशी गाडी आणून टाकूं नये. दुकानांत बाळ कडेवर घेऊन दुसऱ्या हातानें गाडी मिटवून पाहावी. एका हातानें मिटते असें पेटीवर छापलेलें असतें खरें, परंतु तो हात चित्रांतल्या बाईचा असतो. मिटल्यावर ती आपली आपण मिटलेली राहते कीं उचलतांच उलगडते, खांद्यास अडकविण्याचा पट्टा आहे कीं नाहीं, आणि उंच वडील व ठेंगणी आजी ह्या दोघांसही मूठ पुरते कीं नाहीं, हें तेथेंच कळतें. आणि जिन्यावर बाळास गाडींत बसवून गाडीसकट एकट्यानें उचलीत नेऊं नये. हें आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिलें आहे आणि प्रत्येक वेळीं आमच्या छातींत धस्स झालें आहे. बाळ अंगावर, गाडी मिटून खांद्यावर, एक हात कठड्यास. तिन्ही एकदम जमत नसल्यास आधीं बाळासह उतरावें व गाडी खालच्या शेजाऱ्यांकडे किंवा जिन्याखालीं कुलूप लावून ठेवण्याची सोय करावी.

हलकेपणासाठीं पहिली किंमत मोजावी लागते ती चाकांत. हलक्या गाडीचीं चाकें बहुधा पांच-सहा इंचांचीं असतात. चाक जितकें लहान तितका त्यास लहानसा खड्डाही मोठा. रंकाळ्याच्या कांठच्या फरसबंद वाटेवर असली गाडी सुखानें चालते. महाद्वार रोडवर सणाच्या दिवशीं ती माणसांच्या पायांत आणि दगडांच्या फटींत अडकत जाते. गटाराच्या जाळींत पुढचें चाक रुतलें म्हणजे गाडी एकाएकीं थांबते आणि मूल पुढें झुकतें. युक्ति सोपी आहे. अडथळा दिसला कीं मूठ खालीं दाबून पुढचीं चाकें उचलावीं. अडथळा मोठा असल्यास गाडी फिरवून उलटी, मागचीं चाकें आधीं, ओढीत न्यावी. पुढचीं चाकें गरगर फिरणारीं असतात. तीं सरळ खिळवून ठेवण्याची कळ असावी, कारण खडबडीत वाटेवर फिरतें चाक थरथरतें. रोजची वाट कच्ची असेल, किंवा पन्हाळ्यासारख्या चढउताराच्या ठिकाणीं घर असेल, तर एक-दोन किलो अधिक वजनाची पण मोठ्या चाकांची गाडी घ्यावी असें आम्ही सांगूं. अंबाबाईच्या देवळांत गर्दीच्या दिवशीं गाडी नेऊंच नये. तेथें आजीची कडच खरी.

प्रवासाकरितां दोन प्रकारच्या घड्या आहेत. छत्रीघडीची गाडी मिटून सुमारें मीटरभर लांबीचा जुडगा होतो. दुसऱ्या प्रकाराची गाडी दोनतीनदां दुमडून लहान पेटीसारखी होते; एका फ्रेंच कंपनीची 'योयो' नांवाची गाडी ह्या प्रकारांत विशेष गाजली, ती मिटल्यावर सुमारें ५२ × ४४ × १८ सेंटिमीटर भरते आणि वजन सहा किलोंच्या आसपास. त्याच नमुन्याच्या स्वस्त गाड्या आपल्याकडेही मिळतात. आपल्या प्रवासाचें वाहन कोणतें त्यावर घडी ठरवावी. रिक्षांत लांब जुडगा गुडघ्यांमध्यें उभा धरावा लागतो, पेटी मात्र बैठकीमागें किंवा पायाशीं बसते. उलट, रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनें मुंबईस जावयाचें असल्यास छत्रीघडी बाकाखालीं लांबवर सरकून जाते आणि कोणाच्या पायांत येत नाहीं. एस. टी. मध्यें दोहोंचीही पंचाईतच. तेथें पेटीघडी मांडीजवळ धरतां येते एवढेंच. विमानासंबंधीं दुकानदार छातीठोकपणें सांगतो कीं ही गाडी आंत नेऊं देतात. आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेनें सुचविलेलें हातसामानाचें माप ५६ × ४५ × २५ सेंटिमीटर आहे आणि वर सांगितलेली पेटी त्यांत बसते हें खरें. परंतु प्रत्येक विमानकंपनी आपली मर्यादा निराळी ठरविते, ती कोठें कोठें ह्याहून अरुंद असते, आणि शेवटीं मोजपट्टी कंपनीच्या हातांत असते, दुकानदाराच्या नव्हे. तिकीट काढतांनाच विचारून घ्यावें. बाळाची गाडी विमानाच्या दारापर्यंत वापरूं देऊन तेथें सामानांत घेण्याची चाल पुष्कळ कंपन्यांत आहे, आणि त्यास निराळें भाडें बहुधा पडत नाहीं. तशी गाडी देतांना तीस एक जाड पिशवी घालावी. विमानाच्या पोटांत सामान फुलासारखें झेलीत नाहींत.

आतां ज्या गोष्टींत हलकेपणासाठीं तिळमात्र सवलत देऊं नये, तिकडे वळतों. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं अ‍ॅशबर्टन ह्या स्थानकावर ऑक्टोबर २००९ मध्यें एका आईनें क्षणभर गाडीची मूठ सोडली. फलाटाचा उतार रुळांच्या बाजूस होता. गाडी आपोआप चालूं लागली आणि येणाऱ्या आगगाडीपुढें रुळांवर पडली. गाडीचा चेंदामेंदा व्हावा असाच तो प्रसंग. पण सहा महिन्यांचें तें मूल कपाळास खरचटून वांचलें. तें पट्ट्यानें गाडीस बांधलेलें होतें, म्हणून उडून चाकांखालीं गेलें नाहीं असें त्या वेळीं सर्वांनीं म्हटलें. स्थानकावरील कॅमेऱ्यानें हें टिपलें आणि जगभर लोकांनीं श्वास रोखून पाहिलें. आमच्या छत्रपति शाहू महाराज टर्मिनसवर गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या प्रत्येक आईबापांस आमचें सांगणें आहे कीं गाडी फलाटाच्या कडेस समांतर उभी करावी, पायानें रोधक दाबावा, आणि तो दाबला तरी मूठ सोडूं नये. पट्टा पांच टोंकांचा, म्हणजे दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून व एक पायांमधून येणारा असावा. नुसता कमरेचा पट्टा असल्यास मूल खालून घसरतें. "दोनच पावलें जावयाचें आहे" म्हणून पट्टा न लावणें हें आमच्या घरच्यांसही वारंवार बजवावें लागतें.

त्याच २००९ सालच्या नोव्हेंबरांत दुसरी गोष्ट घडली. अमेरिकेंत मॅक्लारेन कंपनीच्या सुमारें दहा लाख छत्रीगाड्यांविषयीं जाहीर सूचना निघाली, कारण गाडी उलगडतांना बिजागरींत बोट सांपडून बारा मुलांच्या बोटांचीं टोकें तुटल्याच्या तक्रारी आल्या होत्या. कंपनीनें बिजागरीवर घालावयाचीं आवरणें फुकट दिलीं. ज्या घडीमुळें गाडी हलकी झाली त्याच घडीच्या सांध्यांत हा धोका आहे, आणि तो एका कंपनीपुरता नाहीं. म्हणून बिजागरी उघड्या आहेत कीं झांकलेल्या, हें बोट फिरवून पाहावें. आणि गाडी उघडतांना-मिटवितांना बाळ दुसऱ्याच्या हातीं, किंवा निदान हातभर दूर असावें. चालतें मूल ह्या बाबतींत तान्ह्यापेक्षां अधिक धोक्यांत, कारण तें मदतीस धांवतें! उघडल्यावर कुलपाचा 'खट्' असा आवाज ऐकूं आला नाहीं तर बाळास बसवूं नये.

गाडी घेण्यापूर्वीं आम्ही एक परीक्षा सुचवितों. कोल्हापुरांत गुळाचे रवे मिळतात. दहा किलोंचा एक रवा फडक्यांत गुंडाळून बरोबर न्यावा आणि गाडींत बसवावा. दुकानदार हंसेल, हंसूं द्यावें. मग एका हातानें ढकलून दुकानाचा उंबरठा ओलांडून पाहावा. उतारावर रोधक लावून गाडी हलते काय तें पाहावें. नंतर मुठीस भाजीची भरलेली पिशवी अडकवावी व गूळ उचलून घ्यावा. बहुतेक हलक्या गाड्या त्या क्षणीं मागें उलथतात. मुठीस पिशवी अडकवूं नये हें पुस्तकांत शंभरदां वाचून जें समजत नाहीं, तें गुळानें एकदांत समजतें. ओझें खालच्या टोपलींत असावें, आणि तेंही टोपलीवर लिहिलेल्या मर्यादेंत.

अगदीं तान्ह्या मुलासंबंधीं थोडें निराळें आहे. सहा महिन्यांच्या आंत मान-पाठ धरलेली नसते. त्यास जवळजवळ सपाट निजविणारी गाडी हवी. युरोपांतील एन् १८८८ ह्या मानकाप्रमाणें एवढ्या लहान मुलाच्या गाडीची पाठ बैठकीशीं निदान दीडशे अंशांचा कोन करणारी असावी. बहुतेक अतिशय हलक्या छत्रीगाड्या इतक्या कलत नाहींत, म्हणून त्या सहा महिन्यांनंतरच. सुदैवानें आमच्या पत्रलेखिकेचें बाळ ही मर्यादा ओलांडून आलें आहे. उन्हाविषयींही एक सूचना करतों. बाळास ऊन लागूं नये म्हणून गाडीवर कोरडी ओढणी किंवा दुपटें पूर्ण झांकून टाकण्याची रीत फार पसरली आहे. त्यानें वारा अडतो आणि आंतली हवा तापते. मोठें छत, बाजूंनीं वारा, आणि दुपारीं घरीं बसणें, एवढें पुरे. पावसाळी प्लास्टिकचें आवरण पाऊस थांबतांच काढावें.

एवढें पाहिल्यावर राजारामपुरींतील भगिनीस आमचा सल्ला असा. भेटीची भारी गाडी ज्यांच्या घरापुढें अंगण आहे अशा आप्तांस द्यावी, संकोच करूं नये. स्वतःसाठीं सहा किलोंच्या आंतबाहेरची, पेटीघडीची, पाठ बरीच कलणारी, पांच टोंकांच्या पट्ट्याची व झांकलेल्या बिजागरीची गाडी घ्यावी. रोजचा जिना व रिक्षा ह्यांस तीच सोयीची. फार महाग घेण्याचें कारण नाहीं, कारण तीन-साडेतीन वर्षांनीं मूल गाडींत बसावयाचेंच नाकारतें. कोणाची वापरलेली मिळाल्यास तीही चालेल, मात्र रोधक, पट्ट्याचें कुलूप आणि बिजागरी हीं तिन्ही नव्यासारखीं असलीं पाहिजेत; चाकें झिजलीं तर बदलतां येतात, सैल झालेला सांधा बदलतां येत नाहीं.

राहिल्या सासूबाई. त्यांचें म्हणणें टाकाऊ आहे असें सुनेनें मानूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या सूचनांत लहान मुलास गाडींत एका वेळीं एक तासाहून अधिक बांधून ठेवूं नये असें म्हटलें आहे. मुलानें जमिनीवर लोळावें, रांगावें, माणसांच्या अंगाखांद्यावर खेळावें हेंच त्याचें काम. आजीबाई जें अनुभवानें सांगतात तें तेथें शास्त्रानें लिहिलें आहे. परंतु त्याच सूचनेंत मोठ्यांच्या पाठीशीं बांधून ठेवण्यासही तीच मर्यादा घातली आहे, हेंही त्यांस नम्रपणें वाचून दाखवावें. आणि ज्यांच्या काळीं एका मुलास सहा कडा होत्या, त्यांनीं आज एकच कड आणि तीही शस्त्रक्रियेंतून उठलेली आहे, हें पाहावें अशी आमची त्यांस विनंती. एक दिवस संध्याकाळीं तिघांनीं मिळून रिक्षानें रंकाळ्यावर जावें आणि गाडीची मूठ सासूबाईंच्या हातीं द्यावी. गुडघे दुखणाऱ्या माणसास सपाट वाटेवर धरावयास मूठ मिळाली म्हणजे चालणें किती सोपें होतें, हें आम्ही आमच्या घरीं पाहतों. मात्र त्या वेळीं सूनबाईंनीं हातभर अंतरावरच असावें. हलकी गाडी भार टाकून टेकण्यासाठीं केलेली नसते, आणि म्हाताऱ्या माणसाचा तोल गेल्यास ती त्यास सांवरूं शकत नाहीं.

पुढील अंकीं दांत येणाऱ्या मुलांच्या खाण्यापिण्याविषयीं आलेल्या पत्रांस उत्तरें देऊं.